बंदी नको, सहीगणिक मोबदला थांबवा

एकांनी सुचवलंय की जनमताच्या अर्जांसाठी, म्हणजे एखादा प्रश्न थेट मतदारांच्या मतदानाला ठेवा अशी मागणी करणाऱ्या अर्जांसाठी, पैसे घेऊन सह्या गोळा करायला सरळ बंदी घाला. अमेरिकेत ते टिकणार नाही. कोलोरॅडोची अशीच बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मेयर विरुद्ध ग्रँट खटल्यात एकमताने रद्द केली.

खरी कीड मोबदला सहीमागे देण्यात आहे. आमच्या कॅलिफोर्नियात किराणा दुकानाच्या दारात एक मुलगा क्लिपबोर्ड पुढे करून म्हणाला, "शाळांसाठी आहे, सही करा." मी मजकूर वाचायला लागले, तर त्याने बोर्ड काढून घेतला आणि पुढच्या बाईंना गाठलं. वाचणारा माणूस त्याला परवडतच नाही! मला त्या मुलाचा राग आला नाही, त्याला राबवणाऱ्यांचा आला.

उमेदवारी अर्जांनाही मतदारांच्या सह्या लागतात, आणि मिशिगनमध्ये २०२२ साली तर गव्हर्नरपदाच्या पाच इच्छुकांचे अर्ज बाद झाले. पगारी लोकांनी खोट्या सह्यांची पानंच्या पानं भरली होती. तपासणीत अशा खोट्या सह्या देणारे ३६ जण आणि किमान ६८ हजार अवैध सह्या निघाल्या.

ओरेगनने २००२ मध्ये मतदारांच्या कौलाने सहीगणिक मोबदला बंद केला, आणि २००६ मध्ये फेडरल अपील न्यायालयानेही ते मान्य केलं. तासावर पैसे द्या, माणूस मजकूर वाचू देईल. कॅलिफोर्नियाने हे लवकर करायला हवं.