चर्चा : हेल्मेट, पॅड, गार्ड स्वतः कापून-वाकवून वापरायला परवानगी असावी का?

पार्कातली आई

मुलगा तेरा वर्षांचा. शिवाजी पार्कात नेट्सला, म्हणजे क्रिकेटच्या सरावाला जातो. रविवारी त्याची किटबॅग रिकामी करून सगळं उन्हात टाकायला घेतलं, तेव्हा हेल्मेट हातात आलं आणि काहीतरी वेगळं वाटलं. बाजूचे स्क्रू काढून ग्रिल, म्हणजे चेहऱ्यासमोरची जाळी, खालच्या भोकांत बसवली होती, वरची पट्टी पक्कडीने वाकवली होती. कानाजवळचा फोम कात्रीने कापलेला. विचारलं तर म्हणाला, "आई, बॉल नीट दिसतच नाही. आणि घट्ट होतं. सगळे असंच करतात."

मी त्याचाच सीझन बॉल, म्हणजे कडक चामड्याचा चेंडू घेतला. डाव्या हाताची मूठ हेल्मेटच्या आत, नाक येईल तिथे धरली आणि ग्रिल व पुढची झाप यांच्या फटीत चेंडू दाबला. जोर लावावाच लागला नाही. चेंडू माझ्या मुठीला येऊन टेकला.

तेव्हापासून झोप नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला वरुण आरोनचा बाउन्सर इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या हेल्मेटच्या याच फटीतून आत घुसला आणि नाक मोडलं. त्याआधी महिनाभर इंग्लंडच्याच क्रेग कीसवेटरचंही असंच झालं. त्याची नजर पहिल्यासारखी झाली नाही, २०१५ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. ही तर मोठी माणसं, चांगल्यात चांगलं साहित्य वापरणारी.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या साहित्याला घरी कात्री किंवा पक्कड लागली आहे, ते घालून मुलाला नेटमध्ये उभंच करू नये. प्रत्येक क्लबने हा नियम करावा. तुम्हाला काय वाटतं?

कांगालीगचा ओपनर

ताई, ग्रिलबद्दल तुमची काळजी पटते. पण "कात्री लागलेलं काहीच नको" हे अजिबात पटत नाही.

डोक्याचं संरक्षण आलंच मुळी खेळाडूंच्या खटपटीतून. १९७७ मध्ये इंग्लंडच्या माइक ब्रेअर्लीने टोपीखाली घालायचं कवच वापरलं, ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या खासगी स्पर्धेत डेनिस अॅमिस मोटारसायकलवाल्यांसारखं हेल्मेट घालून उतरला. आपल्या गावसकरांनी स्वतःच्या कल्पनेने स्कलकॅप करून घेतली आणि ती घालून वेस्ट इंडीजचा मारा खेळून काढला. "कंपनीने दिलं तेच घाला" असा नियम तेव्हा असता तर हे लोक उघड्या डोक्यानेच खेळले असते.

माझी उंची पाच फूट चार. थायपॅड, म्हणजे मांडीवरचा पॅड, गुडघ्यापर्यंत येतो, धावताना पॅडच्या वरच्या टोकावर आपटतो. मी तो खालून दोन बोटं कापला, कडेला कापडाची पट्टी शिवून घेतली. सहा सीझन झाले, व्यवस्थित आहे. आणि आमची मुंबईची कांगा लीग पावसात असते हे विसरू नका. ओल्या मैदानावर पॅड पाणी पितो, वीस-पंचवीस रन काढल्यावर पाय उचलत नाही. जाड पट्टे काढून मी साधे वेल्क्रोचे लावले, तर त्याने कोणाचं काय बिघडलं? साहित्य अंगाला बसलं नाही तर माणूस ते काढून ठेवतो. हा धोका तुमच्या नियमात कुठेच धरलेला नाही.

फिजिओ, मुलुंड

दोघांचंही वाचलं. एक गैरसमज आधी दूर करते, कारण क्लिनिकमध्ये रोज ऐकते: "फोम म्हणजे गादी, थोडी कमी झाली तर काय." फोमचं काम मऊ लागणं हे नाहीच. आदळलेल्या डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळवून देणं आणि मार एका बिंदूवर न ठेवता पसरवणं, हे त्याचं काम. कानाजवळचा तुकडा कापला की हेल्मेट डोक्यावर फिरतं. फिरलं की ग्रिलची जागा बदलते. म्हणजे मुलाने एक नाही, दोन संरक्षणं काढली.

छातीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी भाची अमेरिकेत शाळेत लॅक्रोस खेळते. जाळीच्या काठीने कडक रबरी चेंडू फेकायचा तो खेळ, क्रिकेटप्रमाणेच २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतोय. तिथे कितीतरी खेळाडू हात मोकळा फिरावा म्हणून खांद्याचे आणि दंडाचे पॅड कापत. मग छातीवर चेंडू बसून हृदयाचा ठोकाच बिघडण्याच्या घटनांकडे लक्ष गेलं. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. बरगडी मोडत नाही, वरून खूण दिसत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या अगदी नेमक्या क्षणी मार बसला की निरोगी हृदय थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही. चेंडू फार वेगवान असावा लागतो असंही नाही. कोवळ्या मुलांची छाती लवचिक, त्यामुळे धोका त्यांना जास्त. म्हणून तिथे शाळा-कॉलेजच्या मुलांच्या लॅक्रोसमध्ये गोलकीपरना २०२१ पासून आणि बाकी खेळाडूंना २०२२ पासून या धोक्यासाठी तपासलेलंच छातीचं कवच सक्तीचं झालं. तुम्ही ते स्वतः कापलंत की त्या तपासणीला अर्थ उरत नाही, कारण तपासला गेला तो न कापलेला तुकडा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे सामन्याआधी मुख्य प्रशिक्षकाला पंचांना सांगावं लागतं की माझे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत. जबाबदारी तेरा वर्षांच्या पोरावर नाही, मोठ्या माणसावर.

वसईचा बाबा

मॅडम, तुमचं शास्त्र मान्य. आता माझ्या लेकीचं ऐका.

ती चौदा वर्षांची, ऑफस्पिन टाकते, पाचव्या नंबरला येते. चेस्टगार्ड आणायला धोबी तलावला गेलो. एका दुकानात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, सगळीकडे उत्तर एकच: "साहेब, हा घ्या, मुलांचाच आहे, चालून जातो." चालत नव्हता. काखेत रुतायचा. बॅटलिफ्ट घेताना वर सरकून गळ्याशी यायचा. पहिल्या मॅचला तिने ड्रेसिंगच्या जागी तो काढून बॅगेत टाकला आणि मला सांगितलंही नाही.

मग स्टेशनबाहेरच्या आमच्या मोचीकाकांकडे नेला. त्यांनी तिला समोर उभं करून इलॅस्टिकचं माप घेतलं, काखेची कड अर्धा इंच आत घेऊन शिवली, मागे दुसरा पट्टा लावला. आता ती तो काढत नाही. पार्कातल्या आईंचा नियम लागू झाला तर ज्या दिवशी माझी मुलगी खऱ्या अर्थाने सुरक्षित झाली, त्याच दिवशी ती बाद ठरते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी मुलगाच असतो, याचा मला मनापासून राग येतो.

पार्कातली आई

वसईचे बाबा, तुमचं वाचून थांबले. मुलींचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, ही माझी चूक. पट्टा, इलॅस्टिक, शिलाई यांवर माझा आक्षेप नाही, तो मागे घेते. पण काखेची कड आत घेताना आतला फोम कापला गेला का, एवढं एकदा पाहाल?

ओपनर, गावसकरांचं उदाहरण मात्र तुमच्या बाजूने जात नाही. ब्रेअर्ली असोत की गावसकर, नव्हतं तिथे त्यांनी संरक्षण वाढवलं. माझ्या मुलाने होतं ते कमी केलं. या दोन्हींना "बदल" म्हटलं म्हणून त्या एक होत नाहीत.

आझाद मैदानातले सर

पंचवीस वर्षं मुलं शिकवतोय. नियम लिहायला सोपा आहे. माझ्याकडे विरारहून, कळव्याहून पोरं लोकलच्या गर्दीत किट घेऊन येतात. निम्म्यांचं हेल्मेट मोठ्या भावाचं नाहीतर सीनियरने दिलेलं. ते बसत नाही म्हणूनच फोम कापला जातो, नाहीतर आत कापड कोंबलं जातं. तुमच्या नियमाने मी त्या मुलाला परत पाठवलं तर तो दुसऱ्या नेटवर जाईल, तिथे कोणी विचारणार नाही. नाहीतर खेळणंच सोडेल. आधी क्लबने तीन मापांची चार-चार हेल्मेटं घ्यावीत, मग नियमाचं बोला.

अंपायर काका

सरांशी अर्धा सहमत. एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षं खटकते, ती इथे मांडतो.

आमच्याकडे बॅट मोजायचं माप असतं. रुंदी १०.८ सेंटिमीटर, जाडी ६.७, कड ४ सेंटिमीटर. जाडीची आणि कडेची मर्यादा २०१७ च्या नियमावलीत आली, कारण जाड बॅटमुळे बोलरवर अन्याय होतो. कीपरच्या ग्लोव्हमध्ये अंगठा आणि तर्जनीच्या मधेच जाळी असावी, बाकी बोटांत नसावी, हेही नियमात आहे. म्हणजे साहित्यात केलेल्या बदलावर क्रिकेटला आक्षेप आहेच, पण तो खेळ एकतर्फी होऊ नये यासाठी. मुलाच्या डोळ्यासमोरची फट मोजायला माझ्या खिशात काहीच नाही.

हेल्मेटसाठी ब्रिटिश मानक आहे, २०१३ चं. त्यात मोठ्यांचा चेंडू आणि ज्युनियरचा लहान चेंडू अशा दोन्हींनी ग्रिल वेगवेगळी तपासतात, तो आत शिरून चेहऱ्याला लागतो का ते पाहायला. आंतरराष्ट्रीय सामन्यात हेल्मेट घालायचं तर २०१७ पासून ते याच मानकाचं लागतं. ही तपासणी आपल्याकडे टॉसच्या आधी दोन मिनिटांत होऊ शकते. ताईंनी घरात केली तशीच, चेंडू आणि मूठ घेऊन. फीत नको, यंत्र नको.

मुंबईच्या मैदानांचं वेगळं सांगायला नको. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या मैदानात उभा असतो. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याला शेजारच्या सामन्यातला चेंडू कानामागे लागून एक क्षेत्ररक्षक गेला. त्याची चेंडूकडे पाठ होती. इतक्या दाटीत निदान जो समोरून येणारा चेंडू खेळतोय, त्याचं तरी डोकं शाबूत ठेवू.

कांगालीगचा ओपनर

काका, ते टॉसच्या आधीचं पटलं. फक्त हेल्मेट आणि छातीपुरतं ठेवा. थायपॅड, एल्बो गार्ड, ग्लोव्ह यांना हात लावू नका. तिथे सूज येईल, जीव जाणार नाही, आणि मोठ्या माणसाने आपल्या मांडीचा निर्णय आपण घ्यावा.

नेकगार्डवर, म्हणजे हेल्मेटमागे लावायच्या मानेच्या कवचावर, अजून माझं मन होत नाही. मान वळवताना मागे खांद्याला टेकतो. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून वेगवान माऱ्यासमोर तो सक्तीचा आहे हे माहीत आहे, स्टीव्ह स्मिथलाही शेवटी लावावा लागला.

फिजिओ, मुलुंड

मन होत नसेल तर नेट्समध्ये आठ दिवस लावून बघा, मान सरावते. ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजला २०१४ मध्ये चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेच्या डाव्या बाजूला लागला आणि मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली. त्याच्या हेल्मेटमध्ये त्या जागेसाठी काहीच नव्हतं. आज मिळतंय ते आपण काढून का ठेवायचं? मी तुमच्या थायपॅडवर वाद घालणार नाही, पण इथे घालेन.

वसईचा बाबा

ताई, काल रात्री चेस्टगार्डची शिलाई उसवून पाहिली. फोम कापलेला नाही, दुमडलेला आहे. मोचीकाकांनाही विचारलं. म्हणाले, "पोरीच्या छातीवरचं आहे, आतलं कसं कापीन?"

कांगालीगचा ओपनर

आज सकाळी माझं स्वतःचं हेल्मेट घेऊन बसलो. चेंडू आत शिरला नाही, पण फटीत अर्धा रुतून बसला. चार वर्षांपूर्वी कधीतरी मीच स्क्रू एक भोक खाली घेतला होता, विसरूनही गेलो होतो. वर घेतला. समोरचं खरंच कमी दिसतं, त्या मुलाचं खोटं नव्हतं. हनुवटी जरा वर ठेवून स्टान्स घेतला की जमतं, त्याला करून बघायला सांगा. थायपॅड कापलेलाच राहणार आहे.

पार्कातली आई

सांगते. नवं हेल्मेट शनिवारी घेतोय, त्याला सोबत नेऊन, आणि बॉल बरोबर घेऊन. सर, जुनं हेल्मेट तुमच्या मुलांसाठी मात्र देणार नाही. ते मी फोडून टाकलं.