पर्यावरणशास्त्र आणि अक्षय ऊर्जेचं शिक्षण: तुमचे अनुभव लिहा

पाणवठा

पर्यावरणशास्त्र किंवा अक्षय ऊर्जा घेऊन विद्यापीठात शिकलेल्या आणि सध्या शिकत असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. प्रवेश घेऊ पाहणारी मुलं मला सारखं विचारतात, "यात नेमकं शिकवतात काय?" माहितीपत्रकात विषयांची नावं असतात, प्रत्यक्ष हाताला काय लागतं ते नसतं. प्रयोगशाळा, फील्डवर्क, गणित, प्रकल्प, जे मनात रुतून बसलं असेल ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करताना मला खऱ्या अर्थानं विषयात ओढलं ते विंकलर पद्धतीनं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची ही जुनी रीत. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की साका धरतो. प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. नदीच्या वरच्या अंगाचा नमुना बघता बघता गडद तपकिरी झाला. सांडपाणी मिसळतं त्याच्या खालचा मात्र जवळजवळ पांढराच राहिला. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटनं स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत टायट्रेशन करून आकडा काढायचा असतोच. पण त्या पाण्यात मासा जगणार नाही हे आकड्याच्या आधी डोळ्यांना दिसलं होतं.

बीओडीसाठी, म्हणजे सूक्ष्मजीव पाण्यातली घाण कुजवताना किती प्राणवायू वापरतात ते मोजायला, त्याच पाण्याच्या बाटल्या २० अंश सेल्सिअसला ५ दिवस अंधारात ठेवायच्या. अंधार का, तर उजेडात शेवाळानं प्राणवायू तयार केला की हिशेबच फिसकटतो. अशा बारीकसारीक 'का'मधूनच मी हा विषय शिकले.

वातकुक्कुट

मी यंत्र अभियांत्रिकीतून अक्षय ऊर्जेकडे आलो. पहिल्याच महिन्यात कळलं की पवनऊर्जेचं सगळं शास्त्र एका घनाभोवती फिरतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. ऐकायला सोपं आहे, पण याचे परिणाम पचायला वेळ लागतो. समजा, अर्धा वेळ वारा सेकंदाला ४ मीटरनं वाहतो आणि अर्धा वेळ ८ मीटरनं. सरासरी ६, तिचा घन २१६. आता दोन्ही घन वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घ्या: ६४ आणि ५१२ यांची सरासरी २८८. म्हणजे नुसत्या सरासरी वेगावर विसंबलात तर हाताशी असलेली एक चतुर्थांश शक्ती तुमच्या हिशेबात येतच नाही. म्हणून जागा निवडताना वेगाची सरासरी पुरत नाही, वारा कोणत्या वेगानं किती वेळ वाहतो याचं वितरण लागतं.

बेट्झची मर्यादाही अशीच मनात बसली. कितीही उत्तम टर्बाइन बनवा, वाऱ्यातल्या ऊर्जेच्या ५९.३ टक्क्यांपलीकडे काही काढता येत नाही. सगळीच काढून घेतली तर पात्यांमागे हवा जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही.

रानपाखरू

वातकुक्कुट यांच्या घनाला जोडूनच लिहिते. आमच्याकडे परिसंस्थाशास्त्राच्या आणि ऊर्जेच्या विद्यार्थ्यांचं एकत्र फील्डवर्क असायचं. ऊर्जावाल्यांनी डोंगराची एक धार निवडली, कारण उतारावर आपटून वर चढणारा वारा तिथे जोरदार होता. आम्ही दुर्बिणी घेऊन बसलो तर मोठे शिकारी पक्षी नेमके त्याच धारेवर, त्याच चढत्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत होते. दोघांनाही एकच वारा हवा होता. वाद बराच झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

वटवाघळांच्या बाबतीत मात्र वाट सापडते, आणि ती त्या घनामुळेच. वटवाघळं बहुतेक मंद वाऱ्याच्या रात्री उडतात. तेव्हा टर्बाइन वाऱ्याच्या थोड्या जास्त वेगाला सुरू होईल अशी व्यवस्था केली तर त्यांचे मृत्यू बरेच घटतात आणि विजेचं नुकसान थोडकंच होतं, कारण मंद वाऱ्यात मुळात शक्तीच कमी असते. इतकं सुंदर उत्तर मला ना एकट्या जीवशास्त्रात मिळालं असतं ना एकट्या अभियांत्रिकीत. हे दोन विभाग अजूनही वेगवेगळ्या इमारतींत बसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उन्हाळी

सौरवाल्यांकडून थोडं. पॅनेलवर छापलेली क्षमता ही प्रमाणित परिस्थितीतली असते: चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. भर उन्हात सेल ६० अंशांवर जातो, आणि सिलिकॉनमध्ये दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घटते. म्हणजे ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हा समज अर्धवटच आहे. थंड, स्वच्छ, वाऱ्याचा दिवस सर्वांत चांगला. आमच्या सरांनी पॅनेलच्या एका कोपऱ्यावर हाताची सावली धरून आय-व्ही आलेख, म्हणजे विद्युतप्रवाह आणि विभवांतर यांचा आलेख, काढायला लावला होता. एवढ्याशा सावलीनं आलेखाला पायरी पडली, कारण बायपास डायोडनं सेलची ती अख्खी रांग बाजूला काढली.

जंतुमित्र

माझा प्रकल्प बायोगॅसवर होता. डायजेस्टरमध्ये, म्हणजे जिथे ओला कचरा हवेविना कुजवतात त्या टाकीत, आम्ल तयार करणारे जीवाणू झपाट्यानं वाढतात आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव सावकाश. या दोघांची चाल जुळवणं हेच सगळं काम. आम्ही मुद्दाम खाद्य वाढवत नेलं, यंत्रणा कुठे मोडते ते बघायला. सामू बराच काळ ७ च्या आसपास शांत होता, पण आत आम्लं साठत चालली होती. आधी आम्लं वाढली, मग वायूतला मिथेनचा वाटा घसरला, आणि सामू सगळ्यात शेवटी कोसळला. कारण पाण्यातली अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, तोवर त्याला सावरून धरते. सामूवर भिस्त ठेवणाऱ्याला फार उशिरा कळतं.

हिशेबनीस

मला घडवलं ते जीवनचक्र मूल्यमापनानं, म्हणजे एलसीएनं. एखादी वस्तू 'हिरवी' आहे असं म्हणायच्या आधी तिच्या कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडायचा. यात दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात. तुलना कशाची करायची, उदाहरणार्थ एक युनिट वीज, आणि हिशेबाची सीमारेषा कुठे आखायची. पॅनेल बनवणाऱ्या कारखान्याची वीज धरायची का? वाहतूक? चौकट? जुन्या पॅनेलचा पुनर्वापर? या सीमारेषेवरून वर्गात तासन्‌तास भांडणं होत. सीमारेषा सरकवली की निकाल सरकतो, म्हणूनच आयएसओ १४०४० या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकात हेतू आणि व्याप्ती आधी स्पष्ट लिहायला सांगितली आहे. निकाल बघून सीमारेषा ठरवणाऱ्या अहवालांची मला आजही चीड येते.

आणि हो, सौर पॅनेल बनवायला लागते तितकी ऊर्जा ते कधी परत देतच नाही असं अजूनही ऐकायला मिळतं. हिशेब केला की ऊन आणि तंत्रज्ञानानुसार साधारण १ ते ३ वर्षांत ती परतफेड होते. पॅनेल २५ वर्षांच्या वर चालतं.

धुकं

थोडं मनाचं लिहू का? हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हा पातळी ३१५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३१५ भाग) जवळपास होती. आता ती ४२० च्या पुढे आहे. आमची असाइनमेंट होती त्या मालिकेतून ऋतूंचा चढउतार वेगळा काढायची. उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की पातळी उतरते, पानं गळून कुजली की चढते. तो चढउतार काढून टाकल्यावर उरली नुसती वर जाणारी रेघ. पुढचे काही आठवडे मला अभ्यासच सुचेना. सावरलं ते विजेच्या ग्रिडच्या कोर्सनं. तिथे प्रश्नाचे तुकडे होते: वारंवारता, साठवण, संध्याकाळची मागणी. एकेका तुकड्यावर काम करता येत होतं. असं कुणाला होत असेल तर एकट्यानं कुढू नका, वर्गात बोला. निम्म्या वर्गाला तेच होत असतं.

नवी पालवी

सगळं वाचतेय, खूप आभार. मला ठरवता येत नाहीये, पर्यावरणशास्त्र घेऊ की ऊर्जा? गणित बरं आहे, पण आवड नदी-जंगलाची आहे.

पाणवठा

नवी पालवी, गणित बरं असेल तर ते कुठेही वाया जाणार नाही. आवड नदीची आहे ना, मग पर्यावरणशास्त्र घे, आणि संख्याशास्त्राचे जेवढे पेपर मिळतील तेवढे घे. अभ्यासक्रम बघताना फील्डवर्क किती आहे आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दुसऱ्या विभागात करू देतात का, हे आधी विचार.

हिशेबनीस

आणि शक्य झालं तर प्रवेशाआधी तिथली प्रयोगशाळा बघून ये. शिकत असलेल्या मुलांना विचार की उपकरणांना स्वतः हात लावू देतात की नुसतं लांबून दाखवतात.