शब्दचर्चा : ‘जॉमेट्री’ आणि ‘टोपॉलॉजी’, धुरा (दोन शेतांमधला बांध) कोडमध्ये कसा साठवायचा?

जालना : गटनकाशाचं सॉफ्टवेअर लिहिताना पोस्टजीआयएसमध्ये (नकाशे साठवायच्या डेटाबेसमध्ये) दोन वाटा दिसतात. ‘जॉमेट्री’ म्हणजे भूमिती. ‘टोपॉलॉजी’ला काय म्हणावं? आणि कोणती कधी घ्यावी?

परभणी : ‘संस्थिती’ म्हणा. भूमिती म्हणजे शब्दशः जमिनीची मोजणी. संस्थितीत माप नसतं. काय कशाला लागून आहे आणि काय कशाच्या पोटात, एवढंच. खरेदीखतात दोन्ही सापडतात. ‘१ हेक्टर २० आर’ ही भूमिती, चतुःसीमा ही (दिशा सोडल्या तर) संस्थिती. नकाशा रबरावर काढून ताणला तर आर बदलतील, शेजारी तेच राहतील.

लातूर : ‘संलग्नता’ सोपा नाही का, सर?

परभणी : सोपा आहे, पण अपुरा, ताई. चहूबाजूंनी एकाच गटानं वेढलेलं गावठाण त्या गटातलं छिद्र ठरतं. नकाशा कितीही ताणा, छिद्र राहतंच. हे ‘संलग्नते’त मावत नाही.

नांदेड : आता कोडचं. नुसता नकाशा दाखवायचा आणि क्षेत्र काढायचं असेल तर भूमिती पुरे. तिथं प्रत्येक गट सुटा बहुभुज असतो, म्हणून दोन गटांमधला धुरा दोनदा साठतो. दोन्ही रेषांत २ सेंटीमीटरची फट पडली की ‘एसटी टचेस’ (दोन आकार एकमेकांना लागून आहेत का, हे सांगणारं फंक्शन) नाही म्हणतं. तेवढंच एकमेकांवर चढलं तरी नाहीच म्हणतं, कारण मग आतले भाग एकमेकांना छेदतात. सुटे बहुभुज सुटेच सोपे करायला (कडेवरचे बिंदू कमी करायला) गेलं तर अशा फटी नकाशाभर पडतात.

संस्थितीत धुरा एकदाच साठतो आणि त्याच्या ओळीत डावीकडं कोण, उजवीकडं कोण हे लिहिलेलं असतं. शेजारी शोधायला गणित लागतच नाही. ‘एसटी चेंजएजजॉम’ या फंक्शननं धुऱ्याचं वळण बदला, दोन्ही गट एकदम बदलतात. मात्र टोकं जागची हलवू नका, नवी रेष दुसऱ्या धुऱ्याला छेदू देऊ नका. नाहीतर एरर येते. ही एरर म्हणजेच दोन शब्दांतला फरक: आकार बदलायची मुभा आहे, शेजार मोडायची नाही.

लातूर : संस्थिती बनवताना टोलरन्स, म्हणजे किती अंतरातल्या रेषा एकच धरायच्या तो आकडा, किती द्यावा?

नांदेड : आधी नकाशा मीटरमध्ये आणा, एसआरआयडी (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) ३२६४३, म्हणजे यूटीएमचा झोन ४३, ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा पट्टा. अक्षांश-रेखांशांचे अंश तसेच ठेवून ०.५ दिलं तर ते ५० किलोमीटरच्या वर जातं आणि तालुकाच्या तालुका एका बिंदूत गोळा होतो. मीटरमध्येही हात आखडता ठेवा. २ मीटरच्या पांदणीला ३ मीटर टोलरन्स दिला तर दोन्हीकडचे धुरे चिकटतात, पांदण नाहीशी होते. सगळ्यांत अरुंद पट्टीच्या निम्म्याहून बराच कमी आकडा घ्या.

जालना : नांदेड जिल्ह्यातलं किनवट ७८ अंशांच्या पूर्वेला जातं. मग तिथं पुढचा झोन ४४ घ्यायचा का?

नांदेड : नको. एका टोपॉलॉजीला एकच एसआरआयडी असतो. अख्खा जिल्हा ४३ मध्येच ठेवा. कडेला मापात फरक पडतो तो किरकोळ. झोन तोडला तर सीमेवरचा सामाईक धुरा पुन्हा दोनदा साठवावा लागेल.