मदत हवी आहे: बीपीएमएन २.० (प्रक्रिया आकृतीत मांडायची प्रमाण पद्धत) मध्ये ठरलेला क्रम नसलेली कामं कशी मांडायची?

दावा मंजुरीची प्रक्रिया आहे. नियमांचा गुंता एक्सक्लुझिव्ह गेटवेंमधून (अनेक वाटांपैकी एकच निवडणारे फाटे) काढून डीएमएनच्या (निर्णयाचे नियम मांडायची प्रमाण पद्धत) निर्णय तक्त्यात टाकला, तो भाग सुटला.

अडलंय तपासणीत. कामं ५, क्रम तपासनीस ठरवतो, एखादं वगळतो, एखादं पुन्हा करतो. पॅरलल गेटवे (सगळे फाटे एकदम सुरू करणारा) लावला तर जोडणीपाशी प्रत्येक फाट्याच्या टोकनची (प्रक्रिया कुठवर आली ते दाखवणारी खूण) वाट बघितली जाते. एक काम वगळलं की प्रक्रिया तिथेच लटकते. इन्क्लुझिव्ह गेटवेमध्ये (अटीत बसतील तेवढेच फाटे घेणारा) फाटे सुरुवातीलाच ठरतात, मागाहून वाढवता येत नाहीत. ॲड-हॉक सबप्रोसेस (क्रम न बांधलेल्या कामांचा गट) आकृतीत चपखल बसते, पण आकृतीवरून प्रक्रिया चालवणारी सगळी इंजिनं ती चालवत नाहीत (आकृती फक्त भिंतीवर लावायची असती तर प्रश्नच नव्हता).

त्यात ग्राहकाची कागदपत्रं मध्येच कधीही, कितीही वेळा येतात. त्यासाठी नॉन-इंटरप्टिंग मेसेज स्टार्टची इव्हेंट सबप्रोसेस (निरोप आला की मूळ काम न थांबवता सुरू होणारी उपप्रक्रिया) पुरेल, की हा तुकडा सीएमएमएनमध्येच (क्रम आधी न ठरलेली प्रकरणं मांडायची प्रमाण पद्धत) न्यावा?