मदत हवी आहे: आयटीत यायचंय, फुलस्टॅक की डेटा सायन्स? (जरा घाई आहे)

नवीपालवी
नमस्कार मंडळी. सध्याची नोकरी सोडून आयटीत यायचं नक्की केलंय. एक कोर्स बघितलाय, त्यांच्याकडे फुलस्टॅक (वेबसाइटचा दिसणारा भाग आणि मागची यंत्रणा दोन्ही बनवणं) आणि डेटा सायन्स (आकडेवारीतून निष्कर्ष काढणं) असे दोन पर्याय आहेत. शुक्रवारच्या आत नाव नोंदवलं तर फीमध्ये सूट आहे. दोन्हीपैकी कुठला घेऊ? यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो. कृपया 'आधी स्वतःची आवड ओळखा' असलं काही लिहू नका, सरळ उत्तर द्या. गणित ठीकठाक आहे.

रानवारा
फुलस्टॅक. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग रिअ‍ॅक्ट आणि नोड. केलेलं काम ब्राउझरमध्ये उघडून दाखवता येतं, मुलाखतीत त्याचा फार फायदा होतो. मी कॉमर्सचा, याच वाटेने आलो. आणि कोर्सला पैसे कशाला घालवता? फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट दोन्ही फुकट आहेत आणि चांगले आहेत.

जुना_कंपायलर
धागाकर्तीने सध्या काय काम करते, शिक्षण काय, शिकायला वेळ किती आणि पगार बंद झाला तर किती महिने निभेल, यातलं काहीच लिहिलेलं नाही. हे कळल्याशिवाय कुठला कोर्स ते कसं सांगणार? रानवारा, तुम्हाला जे लागू पडलं ते तुम्ही सांगताय.

रानवारा
विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तुम्ही तर तेवढंही दिलं नाहीत.

शाईपेन
लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघूनच घ्या. ८ जीबीमध्ये ब्राउझर, एडिटर आणि डेटाबेस एकदम उघडले की मशीन रखडतं. ग्राफिक कार्डावर खर्च करू नका.

नवीपालवी
लॅपटॉप आहे हो. वय ३४, बीएस्सी, लॅबमध्ये आहे, शिफ्ट ड्यूटी. पण याने काय फरक पडतो? कोडिंग मला पहिल्यापासूनच शिकायचंय.

आकडेमोड
लॅब म्हणजे कसली? कॉम्प्युटर लॅब, माती तपासणारी, औषध कंपनीतली की रक्त-लघवीची? आणि तिथे तुमचं रोजचं काम काय असतं ते जरा सविस्तर लिहा. फरक पडतो, आणि बराच पडतो.

नवीपालवी
हॉस्पिटलची लॅब. बायोकेमिस्ट्री. सॅम्पल लावायचे, सकाळी क्यूसी (माहीत असलेल्या नमुन्यावर मशीनची तपासणी) चालवायचं, आकडा मर्यादेबाहेर गेला तर कॅलिब्रेशन, मग रिपोर्ट तपासून पुढे पाठवायचे. रात्रपाळ्या आता नको झाल्यात आणि पुढे बढती दिसत नाही.
नवीन एलआयएस (लॅबचं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा टेस्टची मास्टर यादी तपासायचं कामही माझ्यावरच आलं होतं. मशीन बीयूएन (युरिया मांडायची वेगळी पद्धत) देत होतं आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी ते युरियाच्या नावाखाली जोडलं होतं. १४ बीयूएन म्हणजे युरिया साधारण ३० होतो, २.१४ ने गुणावं लागतं. रिपोर्टवर युरिया १४ छापून येत होता. मी धरलं म्हणून सगळे रिपोर्ट थांबवले. त्यांच्या माणसाला हे समजावण्यात अख्खी शिफ्ट गेली. पण हे कोडिंग नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

तिरपी_रेघ
ताई, ही गोष्ट तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवी होती. तुम्ही जे केलंत त्याला आमच्याकडे मॅपिंग व्हॅलिडेशन म्हणतात आणि ते करायला पगार देऊन माणसं ठेवतात. मी बरीच वर्षं लॅबची मशीन्स हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला जोडण्याच्या कामात आहे. आमच्याकडे प्रोग्रामर मिळतात. युरियाचा आकडा बघून 'हे काहीतरी चुकलंय' म्हणणारा मिळत नाही.

मशीनमधून निघालेला निकाल एचएल-सेव्हन नावाच्या मेसेजमधून प्रवास करतो. त्यातली एक ओळ साधारण अशी असते, फक्त खऱ्या मेसेजमध्ये अक्षरं रोमन असतात:

ओबीएक्स|१|एनएम|ग्लुकोज||९२|एमजी/डीएल|७०-१००|एन|||एफ

उभ्या रेघांमधल्या जागा ठरलेल्या आहेत. पाचव्यात निकाल, सहाव्यात एकक, सातव्यात संदर्भ मर्यादा, आठव्यात हाय-लो-नॉर्मलची खूण, अकराव्यात निकाल अंतिम आहे की नाही ते. यातला 'एफ' म्हणजे फायनल. ही ओळ तुम्हाला आत्ताच अर्ध्याहून जास्त कळली असेल. माझ्याकडे नवीन येणाऱ्या इंजिनिअरला ग्लुकोजचा निकाल प्राथमिक आणि अंतिम असा दोनदा का येतो, हे समजावण्यापासून सुरुवात करावी लागते.

रानवारा
म्हणजे त्यांना पुन्हा लॅबमध्येच अडकवायचं? त्यांना तिथून बाहेर पडायचंय. आणि एचएल-सेव्हन १९८७ सालापासूनचं आहे. आज शिकायला सुरुवात करणाऱ्याने असलं जुनं तंत्र का शिकावं?

तिरपी_रेघ
एचएल-सेव्हन हे मानक बनवणारी संस्था १९८७ ची आहे. दुसऱ्या आवृत्तीचे मेसेज आजही हॉस्पिटलांमध्ये चालतात आणि ते इतक्यात जाणारही नाहीत, कारण मागची मशीन्स आणि सॉफ्टवेअर त्यावरच उभी आहेत. नवीन कामाला फायर नावाचं त्याच संस्थेचं नवं मानक आहे. ते जेसन आणि रेस्ट एपीआयवर (वेबवर माहिती लिहायच्या आणि मागवायच्या पद्धती) चालतं, म्हणजे तुमचं वेब ज्ञान तिथेही लागतं. रात्रपाळी सोडणं म्हणजे लॅबचं ज्ञान सोडणं नव्हे.

आगंतुक
एआयने ज्युनियर लोकांची कामं जायला लागलीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून आमच्या टीममध्ये फ्रेशर घेतलेला नाही. ३४ व्या वर्षी हातातली पक्की नोकरी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

जुना_कंपायलर
तुमच्या टीमवरून सगळ्या उद्योगाचा अंदाज बांधू नका. पण 'नोकरी सोडू नये' याला माझा पाठिंबा आहे. शिकायचं ते नोकरीत राहूनच. भाड्याची चिंता डोक्यावर असेल तर माणूस पहिली मिळेल ती ऑफर पकडतो.

आगंतुक
मी कुठे सगळ्या उद्योगाचं म्हटलं? माझा अनुभव लिहिला.

शाईपेन
अवांतर: बीयूएन आणि युरिया वेगळे असतात? माझ्या वडिलांच्या रिपोर्टात दोन्ही लिहिलेले असतात.

नवीपालवी
@शाईपेन, पदार्थ तोच. बीयूएनमध्ये फक्त त्यातला नायट्रोजन मोजतात, म्हणून आकडा लहान दिसतो. वडिलांचे आकडे डॉक्टरांना दाखवा, इथे विचारू नका.
@तिरपी_रेघ, ती ओळ खरंच कळली. पण मग मी शिकू काय? त्या कोर्समध्ये यातलं काहीच नाहीये. आणि मला उत्तर शुक्रवारच्या आत हवंय.

आकडेमोड
एसक्यूएल. सुरुवातीला फक्त एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), त्याच्या जोडीला थोडं पायथन. मशीन लर्निंग इतक्यात नको. डेटा सायन्सचे कोर्स पहिल्याच महिन्यात मॉडेल शिकवायला लागतात, आणि कामावर गेल्यावर बहुतेक वेळ दोन तक्ते जोडल्यावर ओळी दुप्पट का झाल्या हे शोधण्यात जातो.

सरावाचा डेटाही सांगतो. मिमिक-फोर नावाचा हॉस्पिटलचा डेटासेट आहे. पूर्ण डेटाला प्रशिक्षण आणि परवानगी लागते, पण १०० रुग्णांचा डेमो फिजिओनेट या साइटवर खुला आहे. त्यात लॅबच्या निकालांचा वेगळा तक्ता आहे. तो एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये चढवा आणि डेल्टा चेक लिहून बघा. तुम्ही रोज डोळ्यांनी करता तेच: त्याच रुग्णाचा आधीचा पोटॅशियम किती होता, आत्ता किती आला, फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर आहे का. लॅग फंक्शन वापरा, ते आधीच्या ओळीतला आकडा देतं. मग पायथनमध्ये लेव्ही-जेनिंग्ज आलेख (क्यूसीचे आकडे ओळीने दाखवणारा) काढा आणि वेस्टगार्डचे नियम (क्यूसी बिघडलंय का ते ठरवणारे) लावा. एक आकडा सरासरीपासून तीन एसडीबाहेर (एसडी म्हणजे प्रमाण विचलन), लागोपाठ दोन आकडे एकाच बाजूला दोन एसडीबाहेर, लागोपाठ दहा सरासरीच्या एकाच बाजूला. हा प्रोजेक्ट तुम्ही जितका नीट समजावून सांगाल तितका दुसरा उमेदवार सांगू शकणार नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सरावासाठी स्वतःच्या हॉस्पिटलचा एकही रिपोर्ट घरच्या लॅपटॉपवर आणायचा नाही. नाव खोडलं तरी नाही.

रानवारा
हे चांगलं सुचवलंय, मान्य. पण त्यांनी प्रोजेक्ट गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवायची साइट) टाकावा, आणि तो आलेख दाखवणारं एक छोटं वेब पेज करावं. नुसत्या क्वेऱ्या कोणी उघडून बघत नाही. एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट त्यासाठी पुरे.

टेस्टवाली
मॅन्युअल टेस्टिंगचं कोणीच सांगितलं नाही! मी नर्सिंगमधून आले. आयएसटीक्यूबी फाउंडेशन हे टेस्टिंगचं प्रमाणपत्र केलं. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला ६५ टक्के. त्यानंतर हेल्थकेअर सॉफ्टवेअरमध्ये टेस्टर म्हणून लागले. ताई, तुम्ही युरियाची चूक धरलीत ते टेस्टिंगच आहे.

जुना_कंपायलर
प्रमाणपत्राने नोकरी लागते हा गैरसमज पसरवू नका.

टेस्टवाली
प्रमाणपत्राने लागली असं मी म्हटलेलंच नाही. वॉर्डात औषधाचे डोस कसे नोंदवतात ते मला माहीत होतं, म्हणून लागली. पण प्रमाणपत्रामुळे अर्ज बाजूला पडला नाही, हेही खरं आहे.

तिरपी_रेघ
टेस्टवाली यांच्याशी सहमत. नवीपालवी ताई, नोकरी शोधताना 'डेव्हलपर' एवढंच टाकू नका. एलआयएस इम्प्लिमेंटेशन, इंटरफेस अ‍ॅनालिस्ट, अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट असे शब्द टाकून बघा. अ‍ॅनलायझर विकणाऱ्या कंपन्यांनाही अशी माणसं लागतात. सगळ्यात आधी मात्र तुमच्याच लॅबमध्ये एलआयएसचं पुढचं अपडेट येईल तेव्हा टेस्टिंगची जबाबदारी मागून घ्या, लेखी. रेझ्युमेवर ते कोर्सच्या वर लिहायचं.

कोर्सबद्दल: त्यांना विचारा, मध्येच सोडला तर पैसे परत मिळतात का, आणि 'नोकरीची हमी' कुठल्या अटींवर आहे. उत्तर ईमेलवर मागा. फोनवर सांगितलेलं धरू नका.

नवीपालवी
ईमेल टाकला होता. 'आमचा काउन्सेलर फोन करेल' एवढंच उत्तर आलं. शुक्रवारी नाव नोंदवत नाहीये. टेस्टिंगच्या जबाबदारीसाठी मॅडमना अर्ज दिलाय.

काल रात्रपाळीहून आल्यावर डेमोचा डेटा उतरवला. लॅग चाललं. पण प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या ओळीत आधीचा निकाल रिकामा येतोय. हे बरोबर आहे का? आणि काही ठिकाणी फरक शंभराच्या वर दिसतोय, तेवढा असणं शक्यच नाही.

आकडेमोड
पहिल्या ओळीचं बरोबर आहे. त्याच्या आधी निकालच नाही, म्हणून नल. शंभराचं मात्र बघावं लागेल. पार्टिशन बायमध्ये (ओळींचे गट पाडणारा भाग) रुग्णाच्या क्रमांकाबरोबर टेस्टचा कोड घातलाय ना? नसेल तर सोडियममधून पोटॅशियम वजा होतंय. क्वेरी इथे चिकटवा, बघतो.