टप्पानिहाय फी ठरवताना
वकिलाने अशिलाकडून फी कशी घ्यावी, यावर दोन पर्याय सुचवले जातात: टप्पानिहाय फी, म्हणजे खटल्याच्या प्रत्येक टप्प्याची वेगळी रक्कम, आणि ‘जिंकलो तर दहा टक्के’. दुसरा भारतात बाद धरा. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा (वकिलांच्या वर्तनाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) नियम २० निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई करतो. टप्पे मात्र नेमके लिहा: नोटीस, दावा दाखल, अंतरिम अर्ज (निकालाआधी तात्पुरत्या आदेशासाठी), पुरावा, युक्तिवाद. वाद हमखास तारखांवरून होतो, म्हणून किती तारखा धरल्या आणि जादा तारखेला किती, हे करारपत्रातच हवं. कोर्ट फी, प्रवास, सीनियर कौन्सेलची (ज्येष्ठ वकिलाची) फी वेगळ्या ओळीत. आणि फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रं अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच ते स्पष्ट केलंय. त्यामुळे प्रत्येक टप्प्याची रक्कम तो सुरू होण्याआधीच घ्या.