मदत हवी आहे: मुलगा १४ वर्षांचा, उंची १५१ सेंमी, फुटबॉलच्या निवडीत मागे पडतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. इथं फुटबॉल तालमीतालमीत खेळला जातो, शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ ओस पडते. धाकटा आठव्या वर्षापासून मधल्या फळीत खेळतोय.

गेल्या महिन्यात एका निवड चाचणीला नेलं. यो-यो टेस्टमध्ये, म्हणजे बीपच्या तालावर २० मीटर जाऊन परत आणि मध्ये १० सेकंद विश्रांती, तो जवळपास शेवटपर्यंत टिकला. तरी नाव आलं नाही. "अंगानं लहान आहे, धक्क्यात टिकणार नाही." निवडलेल्यांतल्या काहींना मिसरूड फुटलंय, याचा अजून आवाजही बदललेला नाही. वजन ४० किलो.

गोलकीपर असता तर उंचीचं मी मान्य केलं असतं. पण मेस्सी आणि आपला सुनील छेत्री १७० सेंमीचे, कान्ते तर १६८ चा, आणि २०१८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या मधल्या फळीत तोच होता. मधल्या फळीतला गडी सामन्यात १०-१२ किमी पळतो. तिथं दम बघायचा की खांदे?

घरी आबा जुने तालमीतले. थंडाई आणि रोज शंभर बैठका, हा त्यांचा उपाय. जिमवाला पावडर घ्या म्हणतो. त्यात परवा पोरगा गुपचूप गुडघ्याला बर्फ लावताना दिसला. वाटीच्या खाली टेंगूळ आलंय, उडी मारली की कळ येते. संघातून काढतील म्हणून बोलला नव्हता. रात्रभर झोप लागली नाही मला. बैठका बंद करू का? आणि अंग भरायला नक्की काय करायचं?

प्रतिसाद:

दादा, मी फिजिओ आहे. आधी गुडघा. या वयात हाडं भराभर वाढतात आणि मांडीच्या स्नायूची ओढ नडगीच्या वरच्या टोकावर येते. बहुधा ऑसगुड-श्लॅटर, म्हणजे याच ओढीनं वाढत्या वयात होणारं वाटीखालचं दुखणं असेल, पण हाडांच्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय धरून चालू नका. तोवर बैठका आणि उड्या बंद.

अंगाचं म्हणाल तर आवाज फुटलेला नाही म्हणजे मोठी वाढ बहुतेक पुढेच आहे. ती आली की वर्षाला ८-१० सेंमी सहज वाढतात. मिसरूडवाली पोरं आज ताकदीत पुढे आहेत ती वाढ लवकर झाली म्हणून. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. दुखणं थांबलं की फिफा ११+ चा २० मिनिटांचा वॉर्म-अप सुरू करा, त्यात तोल, पोटाची ताकद, उडीनंतर नीट उतरणं सगळं येतं. पावडर नको. अंडी, डाळ, दूध पुरे. आबांची थंडाई चालेल, फक्त सरावाच्या तोंडावर नको, तेव्हा केळं द्या.

दुखणं एकाच पायाला आहे की दोन्ही? रात्री झोपेतून उठवतं का?

धागाकर्ता:

उजव्यालाच. झोपेत नाही. उद्या सकाळीच दाखवतो. आबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, बैठका बंद म्हणाले.